आठवून बघा, मग पुढे जा

प्रशिक्षकांच्या कार्यशाळेत एक त्रिकोण हमखास दिसतो. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि स्वतः केलेलं थेट ९० टक्के. आकडे इतके गोल आहेत की तिथेच शंका यायला हवी. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचा एक शंकू मांडला होता, त्यात टक्केवारी नव्हतीच. ती पुढे कुणीतरी चिकटवली. ‘तुम्ही बघून शिकणारे की ऐकून शिकणारे?’ ही चाचणीही त्याच माळेतली. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावरचं संशोधन चाळलं, तर शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. तरीही प्रौढांचे ऑनलाइन कोर्स असल्याच समजुतींवर बेतले जातात. पैसा आणि वेळ व्हिडिओत ओतला जातो आणि शेवटी उरकून टाकल्यासारखे दहा प्रश्न येतात.

खरं तर काम प्रश्नच करतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग साधा होता. विद्यार्थ्यांनी उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

असं का होतं? मजकूर डोळ्यांसमोर असला की मेंदूला तो फक्त ओळखायचा असतो. ओळखणं सोपं, म्हणून ‘हे मला येतं’ असं वाटतं, आणि ती भावना फसवी असते. मजकूर नसताना मेंदूला एखाद्या खुणेवरून माहितीपर्यंत जावं लागतं. खुणेपासून माहितीपर्यंतची ती वाट प्रत्येक यशस्वी शोधागणिक पक्की होते. कामाच्या जागी माणसाच्या हाती नेमकी खूणच असते, धडा नसतो. म्हणून वाट वापरण्याचा सराव कोर्समध्येच व्हायला हवा. शिकणाऱ्यांना मात्र हे रुचत नाही, कारण आठवताना अडखळायला होतं आणि अडखळणं म्हणजे न येणं असं वाटतं. ‘कोर्स आवडला का?’ या प्रश्नाच्या ताऱ्यांवर कोर्सची गुणवत्ता ठरवू नये, ते यासाठीच.

आठवण्याची वेळही महत्त्वाची. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये साडेतेराशेहून अधिक लोकांवर हे तपासलं. आठवड्याने लागणारी गोष्ट असेल तर उजळणी साधारण एका दिवसाने केलेली उत्तम. वर्षभराने लागणार असेल तर सुमारे तीन आठवड्यांनी. म्हणजे सगळे धडे पहिल्याच दिवशी खुले करून ‘सवडीने बघा’ म्हणणं सोयीचं असलं, तरी लोक शनिवार-रविवारी सगळं उरकतात आणि अंतर शून्य होतं. धडे टप्प्याटप्प्याने उघडा. पहिल्या धड्यावरचे प्रश्न असे पाठवा: दुसऱ्या दिवशी दोन, एका आठवड्याने दोन आणि तीन आठवड्यांनी दोन. ते नव्या धड्याच्या सुरुवातीलाच घातले तर वेगळी आठवण करावी लागत नाही.

आता प्रश्न कसा लिहायचा? प्रौढ माणूस कोऱ्या पाटीने येत नाही, त्याच्या डोक्यात आधीच उत्तरं असतात. प्रथमोपचाराच्या कोर्समधला हा प्रश्न बघा: ‘हातावर उकळतं पाणी सांडलं. आधी काय कराल?’ पर्याय: बर्फ लावू, टूथपेस्ट लावू, वीस मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली हात धरू. चुकीचे दोन्ही पर्याय लोक खरोखर करतात तेच आहेत. ‘हात उंच करून नाचू’ असा भरतीचा चौथा पर्याय कुणी निवडत नाही, त्यामुळे त्याने काहीच कळत नाही. तीन चांगले पर्याय पुरतात. ‘वरीलपैकी सर्व’ टाळा. योग्य पर्याय सगळ्यांत लांबलचक ठेवू नका, सराईत लोक न वाचताच तो टिपतात. वरच्या प्रश्नातही हा दोष आहेच. लांबी सारखी करायला हवी.

चुकीच्या प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र खुलासा लिहा. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ हा खुलासा नव्हे. बर्फ निवडणाऱ्याला सांगा: गारवा हवा हे बरोबर, पण बर्फाने आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी इजा होऊ शकते. खुलासा नसेल तर बहुपर्यायी प्रश्न घातकही ठरतो, कारण निवडलेलं चुकीचं उत्तरच पुढे खरं म्हणून आठवतं. बरोबर उत्तर दाखवण्याआधी ‘किती खात्री आहे?’ हेही विचारा. छातीठोकपणे दिलेलं उत्तर चुकलं तर माणूस चमकतो आणि दुरुस्ती जास्त चांगली लक्षात ठेवतो. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये हा परिणाम दाखवला.

प्रश्न चांगला की वाईट हे आकड्यांनी तपासता येतं. १०० जणांना एकूण गुणांनुसार लावा. वरचे २७ आणि खालचे २७ घ्या. वरच्यांतल्या २४ जणांचं उत्तर बरोबर आलं आणि खालच्यांतल्या ९ जणांचं, तर फरक १५. १५ भागिले २७ म्हणजे ०.५६, हा त्या प्रश्नाचा भेदांक. हा प्रश्न येणारे आणि न येणारे यांच्यात नीट भेद करतो. भेदांक ०.२ च्या खाली गेला तर शब्दरचना तपासा, कारण बहुधा प्रश्न दुअर्थी असतो. उणे आला तर आधी उत्तरसूची बघा, चुकीचा पर्याय ‘बरोबर’ म्हणून नोंदलेला असण्याची शक्यता मोठी. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनाच येतं त्याचा भेदांक शून्यच येईल; तो उजळणीचा असेल तर राहू द्या, उगाच काढू नका.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख पाहण्यांच्या २०१४ मधल्या विश्लेषणात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक टिकण्याच्या वेळेचा मध्यक (निम्मे लोक ज्याच्या खाली, निम्मे वर) सहा मिनिटांच्या वर गेला नाही. म्हणून एक मुद्दा, सहा मिनिटं, लगेच प्रश्न. स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचू नका, डोळे आणि कान एकाच शब्दांवर अडकतात. चित्र थोडं धूसर चालतं, घुमणारा आवाज चालत नाही: माइक तोंडापासून वीतभर, जरा कडेला, आणि खोलीत पडदे किंवा गाद्या. सोबत नुसता ऑडिओही द्या. ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट) दहा मिनिटं पाच एमबीतही मावतात, त्यामुळे रेंज जेमतेम असलेल्यालाही धडा मिळतो.

कोर्स खुला करण्याआधी चार-पाच जणांना तो मोबाइलवर करायला द्या आणि मागे बसून गप्प राहा. बोट कुठे थबकतं, कोणता प्रश्न दोनदा वाचला जातो, एवढंच टिपा. ‘पुढे’चं बटण कीबोर्डखाली लपलंय हे अशाच वेळी कळतं.