कोय कलम (आणि काजू, कोकमाची घरगुती कलमं)

कोय कलम म्हणजे आंब्याच्या कोयीतून नुकत्याच वर आलेल्या कोवळ्या रोपावर आपल्याला पाहिजे त्या झाडाची काडी बसवून केलेलं कलम. कोकणात कोयीला बाठा म्हणतात आणि जून ते ऑगस्टमध्ये कितीतरी घरांच्या पडवीत हे काम चालू असतं. खाली ज्याची मुळं असतात त्या रोपाला खुंट म्हणतात, तो बहुतेक वेळा रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याचा असतो, आणि वरची काडी ज्या झाडावरनं आणली ते मातृवृक्ष. फळ येणार ते काडीचं, खुंटाचं नाही.

एवढा खटाटोप कशाला, कोय लावली की झाड येतंच की, असं बरेच जण विचारतात. झाड येतं, पण तेच झाड येत नाही. हापूस, पायरी, केसर ह्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून झालेला, त्यामुळे हापूसची कोय लावून हापूस मिळेल ह्याची काहीच खात्री नाही, शिवाय कोयीच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज जातात आणि कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी आंबे लागतात. आणि माझ्या मते ह्याहून मोठं कारण वेगळंच आहे. हापूसची कलमं कुठल्याही नर्सरीत मिळतात, पण तुमच्या परसातला तो एक रायवळ, ज्याच्या रसाची चव अख्ख्या वाडीला माहितीये, त्याचं कलम जगात कुठेच विकत मिळत नाही. रस्ता रुंद झाला, घर नव्याने बांधलं, वादळात उन्मळला की ते झाड संपलं, त्याच्या कोयी कितीही लावा ते परत येत नाही. म्हणून हे काम घरी यायलाच हवं.

थोडा इतिहास

कलमाची कल्पना आपल्याकडे खूप जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष अशा झाडांची फांदी शेण फासून लावायची किंवा दुसऱ्या झाडाच्या मुळावर नाहीतर खोडावर बसवायची असं सांगितलंय. आंब्याच्या कलमांना जोर आला तो पोर्तुगीज काळात. अफोन्सो द अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, त्याच्याच नावावरून अल्फान्सो आणि पुढे आपला हापूस. गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी निवडक आंब्यांची कलमं करायला सुरुवात केली असं मानतात आणि मानकुराद, मुसराद, फर्नांदिन ही गोव्यातली नावं त्याच परंपरेतली.

पूर्वी कोकणात सगळी भेट कलमं असायची. कुंडीतलं रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी माचाण बांधून ठेवायचं, दोघांची साल तासून एकत्र बांधायची आणि दोन-तीन महिने त्या रोपाला उंचावर पाणी घालत बसायचं. एका झाडावर किती कुंड्या टांगणार? त्यामुळे कलमं मोजकी आणि महाग. कोय कलम कोकणात घरोघर पोचण्यात 1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा मोठा हात आहे, आणि 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा कलमांची मागणी एवढी वाढली की ती भेट कलमांनी भागलीच नसती.

कसं करतात

पिकलेल्या रायवळच्या कोयी धुवून सावलीत सुकवायच्या आणि लवकरात लवकर लावायच्या, कारण आंब्याची कोय साधारण महिन्याभरात उगवायची ताकद गमावते. मे महिन्यात खाल्लेल्या आंब्याची कोय गणपतीपर्यंत ठेवून चालत नाही. रेती, माती आणि शेणखताच्या गादीवाफ्यात किंवा सरळ पिशवीत लावली की दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. पानं तांबूस आणि खोड लुसलुशीत असतं तोवरच, म्हणजे रोप दहा-पंधरा दिवसांचं असतानाच कलम बांधायचं. पानं हिरवी झाली, खोड कडक झालं की कोय कलमाची वेळ गेली, मग ते रोप मोठं करून नव्या कोवळ्या फुटीवर मृदुकाष्ठ कलम (म्हणजे कोवळ्या लाकडावरचं कलम) करावं.

पण खरं यश काडीत आहे, चाकूत नाही. हातात कला लागते, पाचर (काडीचं तासलेलं टोक) बिनचूक पाहिजे असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे, पण चांगली काडी असेल तर नवशिक्याची वाकडी पाचरही जुळते आणि काडी चुकली तर उस्तादाचंही कलम वाळतं. काडी तीन-चार महिने जुनी हवी, झाडाच्या बाहेरच्या अंगाची, ऊन खाल्लेली, पेन्सिलीएवढी, शेंड्याचा डोळा टपोरा फुगलेला पण अजून न फुटलेला. त्यासाठी आठ-दहा दिवस आधीच झाडावर जाऊन त्या काडीची पानं कापून टाकायची, देठाचा थोडा भाग ठेवायचा. पानं गेली की रस शेंड्याकडे जमतो, डोळा फुगतो, आणि देठाचे तुकडे बोट लावताच गळायला लागले की काडी तयार. हे आठ दिवस लोक वाचवायला बघतात आणि तिथेच कलमं मरतात. काडी लांबून आणायची असेल तर ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन-चार दिवस टिकते, त्यामुळे मामाच्या गावचा आंबा पुण्याला आणणं काही अवघड नाही.

बांधायच्या दिवशी रोप कोयीपासून सहा-नऊ सेंटीमीटरवर आडवं छाटायचं आणि मधोमध तीन-चार सेंटीमीटर खाली उभी चीर द्यायची. काडी दहा-पंधरा सेंटीमीटरची घेऊन तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरपे काप द्यायचे, म्हणजे पाचर तयार होते. कलमाचा चाकू नसेल तर दाढीचं नवीन ब्लेड उत्तम, फक्त चीक लागला की पुसायचं. काप एका दमात द्यावा, खरवडू नये, आणि कापलेल्या भागाला बोट लावू नये. साल आणि लाकूड ह्यांच्यामध्ये कॅम्बियम नावाचा पातळ हिरवट थर असतो, नवीन पेशी तिथेच तयार होतात, तो थर खुंटाचा आणि काडीचा एकमेकांना टेकला तरच सांधा जुळतो. म्हणून काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका बाजूला सरकवून निदान त्या एका कडेची साल सालीला भिडवा. मग दोनेक सेंटीमीटर रुंदीच्या पातळ प्लास्टिक पट्टीने खालून वर घट्ट आवळून बांधायचं.

वरून काडीवर पेप्सीकोल्याची लांब पारदर्शक पिशवी घालतात, आत दमटपणा राहतो आणि पावसाचं पाणी सांध्यात जात नाही. कोकणात हवाच ओली असते, पण देशावर, म्हणजे नगर-सोलापूरकडे, ही पिशवी आणि शेडनेटची सावली दोन्ही लागतं. रोप वाफ्यातून उचलून पिशवीत लावणार असाल तर कोय रोपापासून तुटू देऊ नका, सुरुवातीचं सगळं अन्न तिच्यातूनच येतं. दोन-तीन आठवड्यांत डोळा हलतो, पानं फुटायला लागली की वरची पिशवी काढायची. काडी हिरवी दिसते म्हणून जगली असं समजू नये, आपल्यातल्या साठ्यावर ती बरेच दिवस हिरवी राहते.

काजू, कोकम आणि बाकीची

काजूला मृदुकाष्ठ कलम चालतं. बी मिठाच्या पाण्यात टाकून तळाशी बसेल तेच घ्यायचं आणि देठाकडची बाजू वर करून पेरायचं. दीड-दोन महिन्यांच्या रोपावर, खाली दोन पानांच्या जोड्या ठेवून, वर तशीच पाचर बसवायची. काडी न मोहोरलेल्या फांदीची घ्यावी. वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 ह्या जाती अशाच कलमांनी कोकणभर पसरल्या, काजू मुळात ब्राझीलचा असूनही.

कोकमाला तर कलम हवंच. कोकमात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. मादी झाडाची काडी बसवली की हा प्रश्नच मिटतो. फक्त काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्या, आडव्या फांदीची घेतली तर झाड आयुष्यभर आडवंच पसरतं. जायफळालाही हेच दोन्ही नियम लागू.

लिंबू, डाळिंब, पेरूला एवढं करायची गरज नाही, गुटी पुरते: पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या फांदीची अडीच सेंटीमीटर साल गोल काढून ओलं शेवाळ लावायचं आणि प्लास्टिकने बांधायचं, मुळं दिसली की कापून घ्यायची. गुटीच्या झाडांना सोटमूळ नसतं, त्यामुळे वाऱ्याच्या जागी जपावं. नारळ-सुपारीचं मात्र कलम होत नाही, त्यांच्या खोडात कॅम्बियमच नसतो.

नंतरची काळजी

कलम जगलं की लोक निर्धास्त होतात आणि इथे बरीच कलमं वाया जातात. सांध्याखालून खुंटाला फुटवे येतात ते दिसतील तसे काढायचे, राहू दिले तर ते काडीला मागे टाकतात आणि पाच वर्षांनी हापूसच्या झाडाला भलताच आंबा लागतो. प्लास्टिकची पट्टी सांधा पक्का झाला की कापायची, नाहीतर खोड जाड होताना आवळतं आणि जोराच्या वाऱ्यात तिथेच मोडतं. लावताना सांधा मातीच्या वर ठेवायचा, काठीचा आधार द्यायचा, आणि पहिली तीन वर्षं मोहोर आला तरी खुडायचा.

कलम पिशवीत वर्ष-दीड वर्षाहून जास्त ठेवू नये, सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि पुढे कातळात शिरत नाही. पाण्याची सोय नसलेल्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीत तर कोय सरळ खड्ड्यातच लावून जागेवर कलम बांधणं सगळ्यात चांगलं, मूळ न हलता खोल जातं. एका खड्ड्यात तीन-चार कोयी लावाव्यात, ज्या जोरदार वाढतील त्यांवर कलमं बांधून शेवटी त्यातलं एक ठेवावं.