इथेनॉलचा एनएमआर वर्णपट

इथेनॉलच्या रेणूतील हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरी शोषतात, त्या शोषणाचा आलेख. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर, शिकणाऱ्याची सुरुवात बहुधा याच आलेखापासून होते. बेळगाव सीमाभागातील मराठी माणसाला तो परका वाटू नये. चिकोडी, अथणी, संकेश्वर या ऊसपट्ट्यात कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून हेच अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, तयार होते. शिवाय आलेख प्रथम टिपणाऱ्या तिघांत एक नाव एस. एस. धर्मट्टी यांचे आहे. गोकाककडे त्याच नावाचे गाव आहे, त्यामुळे ते इथल्या कानाला लगेच ओळखीचे वाटते.

हायड्रोजनचे अणुकेंद्र लहानशा चुंबकासारखे वागते आणि बाहेरच्या क्षेत्रात ठरावीक वारंवारतेलाच प्रतिसाद देते: १.४१ टेस्लाला ६० मेगाहर्ट्झ, ९.४ टेस्लाला ४००. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ पर्सेल यांनी पॅराफिनमध्ये (मेणात) आणि ब्लॉख यांनी पाण्यात हा परिणाम १९४५-४६च्या सुमारास दाखवला. दोघांना १९५२चे नोबेल मिळाले. भौतिकशास्त्रज्ञांना तेव्हा अणुकेंद्राचे चुंबकत्व अचूक मोजायचे होते. १९५० साली अमोनियम नायट्रेटमध्ये नायट्रोजनचे एकाऐवजी दोन संकेत आले, तेव्हा ती आधी अडचणच वाटली.

१९५१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉल तपासले. तीन वेगळे उंचवटे उमटले आणि त्यांखालील क्षेत्रफळे १:२:३ भरली. एक हायड्रोजन ऑक्सिजनवरचा, दोन मधल्या कार्बनवरचे, तीन टोकाच्या. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून जवळच्या हायड्रोजनवरचे इलेक्ट्रॉनांचे आवरण विरळ होते आणि संकेत सरकतो. एकाच रेणूतील अणूंचे शेजार असे कागदावर दिसले, आणि अडचण वाटलेली गोष्ट रसायनशास्त्राचे सर्वांत उपयोगी साधन ठरली. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचा गट उभा केला. भारतातील या संशोधनाच्या पहिल्या पायऱ्यांत तो मोडतो. बेळगावातून बी.एस्सी. करून धारवाडला किंवा कोल्हापूरला एम.एस्सी.साठी जाणाऱ्या मुलांना हा आलेख शिकवताना त्यांचे नाव आवर्जून सांगितले पाहिजे.

आजच्या यंत्रात हेच उंचवटे आणखी फुटलेले दिसतात. ५ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत अर्धा मिलिलिटर द्रावण पुरते. आलेखावरची जागा पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षांशात, मोजतात. १.२ पीपीएमजवळ त्रिक (तीन रेषांचा गट), ३.६जवळ चतुष्क (चार रेषांचा): रेषांची संख्या शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजनांपेक्षा एक जास्त, हा नियम इथेच अंगवळणी पडतो. ऑक्सिजनवरचा हायड्रोजन मात्र एका जागी राहत नाही. द्रावण पातळ केले की तो सरकतो. नळीत जड पाण्याचा थेंब टाकून हलवले की तो संकेत नाहीसाच होतो, कारण त्याची जागा जड पाण्यातील ड्युटेरियमने, म्हणजे जड हायड्रोजनने, घेतलेली असते. ज्याने हे स्वतःच्या हाताने केले, त्याला रेणू ही जिवंत हालचाल आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

एनएमआरने केलेल्या ड्युटेरियमच्याच मोजणीवरून अल्कोहोल कोणत्या वनस्पतीच्या साखरेचे, हे ओळखता येते. युरोपात १९९० पासून वाइनमध्ये बाहेरची साखर मिसळली का, हे पाहण्यासाठी ही पद्धत अधिकृत आहे. मिथिल गटातील, म्हणजे टोकाच्या कार्बनवरील, ड्युटेरियम बीटच्या अल्कोहोलात दशलक्षात सुमारे ९२, तर उसाच्या अल्कोहोलात सुमारे ११० भरते. उसाच्या पानात उमटलेली ही खूण गाळप, किण्वन आणि ऊर्ध्वपातन ओलांडून रेणूच्या टोकाशी टिकून राहते.