पॉलिमर क्लेच्या माळा (कोकण किनारा)

पॉलिमर क्लेचे मणी व पदके, धातूची तार आणि कड्या, हूक, पिना यांसारखे जोडभाग वापरून हाताने केलेल्या गळ्यातील माळा. कोकणात हे काम मुख्यतः घरगुती असून बचत गटांच्या व शहरातील हस्तकलेच्या प्रदर्शनांतून असा माल विकला जातो. पॉलिमर क्लेमध्ये पॉलिव्हिनाइल क्लोराइडची (पीव्हीसी) बारीक भुकटी, प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य), रंगद्रव्ये व भरणद्रव्य असते. शाडू किंवा टेराकोटाशी त्याचा संबंध नाही. दुकानांत ‘क्ले’ म्हणून आणखी दोन पदार्थ मिळतात : हवेत सुकणारा स्टार्चयुक्त लगदा आणि दोन भाग मळून घट्ट होणारा इपॉक्सी पदार्थ. यांपैकी पहिला पावसाळ्यात ओलावा शोषून पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे किनारपट्टीवर गळ्यातल्या दागिन्यांसाठी तो निरुपयोगीच म्हणावा लागेल.

उगम : या पदार्थाचा इतिहास दोन बाजूंनी सांगितला जातो. जर्मन वृत्तांतानुसार बाहुल्या बनविणाऱ्या केटे क्रूझ यांच्या हाती १९३०–४० या दशकाच्या अखेरीस असा एक पदार्थ आला. बाद कोझेन येथील त्यांच्या कार्यशाळेला तो सोयीचा वाटला नाही. मात्र त्यांची मुलगी सोफी हिने त्यावर काम चालू ठेवले आणि १९६४ च्या सुमारास तो एबरहार्ड फाबर या कंपनीकडे जाऊन पुढे ‘फिमो’ नावाने प्रसिद्ध झाला. अमेरिकी वृत्तांत ‘स्कल्पी’पासून सुरू होतो. विद्युत् रोहित्रांतील (ट्रान्सफॉर्मरमधील) उष्णता वाहून नेण्यासाठी केलेले हे मिश्रण त्या कामी अपयशी ठरले आणि १९६० नंतरच्या दशकात शिल्पकामाकडे वळले, असे सांगतात. जर्मन वृत्तांतातील आधीचा काळ रसायनशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नाही, कारण प्लॅस्टिसायझरने पीव्हीसी मऊ करण्याची रीत वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्येच शोधली होती. तथापि एका कुटुंबाच्या हाती कच्चा पदार्थ असणे वेगळे आणि घरच्या ओव्हनमध्ये भाजता येणारा माल बाजारात असणे वेगळे. दागिन्यांच्या इतिहासासाठी १९६० नंतरचा काळ आरंभ म्हणून धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

या माळांचे नाते कोकणच्या प्राचीन मणी-व्यापाराशी जोडण्याचा मोह होतो. चौल हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासग्रंथातील ‘सेमुल्ला’ असल्याचे सामान्यतः मानले जाते. परंतु इ.स. पहिल्या शतकातील त्याच ग्रंथात पैठणचे गोमेदवर्गीय खडे गाड्यांतून भडोचकडे जात असल्याचे म्हटले आहे. ते चौलला उतरत असल्याचे नव्हे. शिवाय दगडी मणी कोरून, घासून व भोक पाडून होतो, तर येथे मणी आकार देऊन भाजला जातो. तंत्राच्या दृष्टीने अधिक जवळचा दाखला पारंपरिक बोरमाळेचा आहे. तिच्या पोकळ सोन्याच्या मण्यांत लाख भरतात, म्हणजे मोठा मणी हलका राहतो आणि चेपत नाही. क्लेचे काम करणारे मोठ्या मण्याच्या पोटात ॲल्युमिनियमच्या फॉइलची घट्ट गोळी ठेवतात, तीही वजन वाचविण्यासाठीच.

घडण : भाजताना क्ले सुकत नाही; पीव्हीसीचे कण प्लॅस्टिसायझरने फुगून एकमेकांत मिसळतात आणि एकसंध होतात. त्यासाठी ब्रँडनुसार साधारण ११०° ते १३५° से. तापमान आणि दर ६ मिमी. जाडीला १५ ते ३० मिनिटे लागतात. कमी भाजलेला मणी वरून पक्का दिसतो, पण तारेच्या ताणाने भोकापाशी तडकतो. तापमान फार वाढल्यास क्ले काळवंडते व हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओटीजीच्या (घरगुती विद्युत् ओव्हनच्या) बटणावरील आकडा भरवशाचा नसल्याने आत वेगळा तापमापक ठेवणे बरे. पावसात मध्येच वीज गेल्यास माल वाया जात नाही, पुन्हा भाजता येतो. कच्ची क्ले मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत राहिली तर मात्र अर्धवट पिकते आणि मळली जात नाही. सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे), अबोली, आंबा, मासळी असे नमुने केले जातात. सुरंगीच्या पिवळ्या केसरांचा झुबका क्लेत उतरविणे कष्टाचे असते.

तार व जोडभाग : तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि घोटाळा इथेच होतो. ब्रिटिश मानकानुसार २० गेज म्हणजे ०.९१ मिमी., तर अमेरिकी मानकानुसार ०.८१ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातली तार बहुधा पहिल्या मापाची, तर आयात केलेली दागिन्यांची तार दुसऱ्या मापाची असते. भाजण्यापूर्वी भोक एका तारेने पाडून नंतर दुसरी ओवली की ती अडकते किंवा सैल बसते. कडी उघडताना तिची टोके आजूबाजूला न फाकवता एक पुढे, एक मागे अशी वळवावीत, नाहीतर गोलाई जाते.

किनाऱ्यावर माळ खराब होते ती धातूमुळे. नीट भाजलेल्या क्लेला खाऱ्या हवेने फारसे काही होत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण पाणी ओढून त्यांचे खारे पाणी होते. वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ही स्थिती दिवसचे दिवस टिकते. मग लोखंडी गाभ्यावर मुलामा दिलेल्या कड्या गंजतात, तांब्या-पितळेवर हिरवा कळंक चढतो आणि गळ्याच्या घामाने तो कातडीला लागतो. मुलाम्याखाली लोखंड आहे का हे चुंबक लावून कळते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण असून निकेल न सोसणाऱ्यांना त्याची खाज येते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादापेक्षा २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत खाऱ्या हवेत अधिक टिकते. तिची तार कडक असल्याने बारीक वळणे घेणे जड जाते, म्हणून पुष्कळ जण हूक व कड्या तेवढ्या पोलादी घेतात आणि वळणांसाठी इनॅमल चढविलेली तांब्याची तार वापरतात. पक्कडीने इनॅमल खरवडले गेल्यास कळंक त्याच जागी सुरू होतो. त्यामुळे पक्कडीच्या जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळतात.

नेलपॉलिश आणि ॲसिटोनने क्लेचा पृष्ठभाग चिकट होतो, त्यामुळे चकाकीसाठी ओल्या पॉलिश पेपरने घासणे श्रेयस्कर. कच्चे तुकडे पुन्हा मळून मण्याच्या गाभ्यात वापरता येतात. भाजलेले तुकडे मात्र पालापाचोळ्याबरोबर किंवा भाजावळीत (पेरणीपूर्वी शेतात पालापाचोळा जाळतात तीत) जाळू नयेत.