खुलासा: चीनची ‘नेइदान’ साधना 1966 साली संपली?

सांस्कृतिक क्रांतीत नेइदान, म्हणजे ताओ पंथातली ‘शरीरातली किमया’ (ध्यान आणि श्वासाची साधना), नामशेष झाली आणि आज दिसते ते सगळे म्हणजे नवे छिकुंग (श्वास आणि हालचालींचे व्यायाम), असे सर्रास सांगितले जाते. 1966 नंतर मठ बंद पडले, साधूंना हुसकावले, हे खरेच. पण परंपरा केवळ मठांच्या भिंतींत नव्हती. शांघायमध्ये नेइदानचे अभ्यासक छन यिंगनिंग 1933 ते 1937 या काळात पाक्षिकातून गृहस्थ वाचकांच्या शंकांना छापील उत्तरे देत होते. 1961 मध्ये ते चिनी ताओ संघाचे अध्यक्ष झाले. गुप्त गुहांच्या कथांपेक्षा हे पाक्षिक जास्त कामाचे! पेइचिंगच्या श्वेतमेघ मठात आज पुन्हा ताओ पंथाच्या लुंगमेन शाखेचे साधू राहतात.

छिकुंगने यातलेच बरेच उचलले, पण नेइदान साधनेचा क्रम वेगळा. आधी ‘शंभर दिवसांचा पाया’ (आकडा ढोबळच): झोप, आहार, ब्रह्मचर्य सांभाळून लक्ष बेंबीखाली. तिथे ऊब स्थिरावली की ‘लहान परिक्रमा’: माकडहाड, पाठीचा मध्य आणि डोक्याची मागची बाजू या तीन नाक्यांतून छी (प्राणशक्ती) वर, मग पुढून खाली. घाईने श्वास कोंडून किंवा लक्ष डोक्यात रोखून ती रेटली की डोके जड होते, झोप उडते. तेव्हा परिक्रमा थांबवून पुन्हा बेंबीखाली यायचे.