लंबक तोच, प्रश्न वेगळा

लांबी बदला, दोलनकाल मोजा, आलेख काढा, गुरुत्वत्वरण काढा. उत्तर 9.8 च्या आसपास आलं की जर्नलवर सही. साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल बहुतेकांनी असंच केलेलं असतं. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे न जुळणारं रीडिंग गुपचूप खोडलं जातं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नताशा होम्स, कार्ल वायमन आणि डग बॉन या भौतिकशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांसाठी लंबक तोच ठेवून प्रश्न बदलला: 10 अंशांवरून आणि 20 अंशांवरून सोडला तर दोलनकाल सारखाच येतो का? पुस्तकी सूत्रानुसार, हो.

1 मीटरच्या लंबकाला एका दोलनाला सुमारे 2 सेकंद लागतात. दोन कोनांच्या दोलनकालांमधला खरा फरक सुमारे 0.6 टक्के, म्हणजे जेमतेम 0.012 सेकंद. स्टॉपवॉच दाबण्यातच 0.1 सेकंद इकडेतिकडे होतो. पण सलग 20 दोलनं मोजली की ती चूक 20 ने भागली जाते, 0.005 उरते. असं 10 वेळा करून सरासरी घेतली की अनिश्चितता 10 च्या वर्गमूळाने भागली जाऊन 0.0016 वर येते आणि लपलेला फरक उघड होतो.

हात मात्र नीट बसायला हवा. घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हटलं तर प्रत्यक्षात 19 च दोलनं मोजली जातात, ‘शून्य’ म्हणायचं. गोळा टोकाला रेंगाळतो, तिथे नेमका क्षण सापडत नाही. मध्यावर तो सर्वांत वेगात असतो, म्हणून मागे खूण करून तिथे बटण दाबायचं. सोडताना धक्का लागला तर गोळा लंबवर्तुळात फिरतो. ते रीडिंग बाद. आणि दोलनं वाटेल तितकी वाढवूनही चालत नाही, कारण हवेच्या विरोधाने कोन घटत जातो. शेवटी 20 चे किती अंश उरले, हे पाहायलाच हवं.

तुलनेचा नियम सोपा: दोन सरासरींमधला फरक भागिले दोन्ही अनिश्चिततांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. उत्तर 1 पेक्षा कमी आलं तर ‘सारखेच’ लिहून मोकळं व्हायचं नाही. अनिश्चितता घटवून पुन्हा मोजायचं. 3 पेक्षा जास्त आलं तर दोष पद्धतीत आहे की सूत्रात, ते शोधायचं. इथे ते 5 च्या घरात जातं, आणि दोष सूत्रातल्या ‘कोन लहान आहे’ या गृहीतकाचा निघतो.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, अशा सूचना न मिळालेल्या आधीच्या तुकडीपेक्षा हे विद्यार्थी आपणहून पद्धत सुधारण्याची शक्यता 12 पट आढळली. सूत्राची मर्यादा ओळखून सांगण्याची 4 पट. असं शिकवायचं तर फेरमोजणीला वेळ लागतो, त्यामुळे जर्नलमधले काही प्रयोग गाळावे लागतील. गुणही 9.8 ला न देता दुसऱ्या फेरीत काय बदललं, त्याला द्यावे लागतील.