प्ले स्टोअरवर आलं म्हणजे ॲप पास झालं?

संभाजीनगर असो की नांदेड, ॲप बनवणाऱ्या पोरांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं: ‘गूगलनं मंजूर केलं, म्हणजे दर्जा तपासला गेला.’ तसं नाही. मंजुरीच्या वेळी भर असतो धोरणांवर आणि सुरक्षिततेवर: घातक कोड, फसवणूक, परवानग्यांचा गैरवापर.

दर्जाचं मोजमाप खरं सुरू होतं ते ॲप लोकांच्या हातात गेल्यावर. रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्के किंवा त्याहून जास्त जणांना क्रॅश दिसला, किंवा ०.४७ टक्के जणांचं ॲप अडकलं (बोट लावून ५ सेकंद काहीच हललं नाही), तर ते शोधात मागे पडू शकतं.

पण गेवराईच्या शिवारात काय होतं, ते या आकड्यांतही दिसत नाही. बाई कपाशीच्या बांधावर उभी राहून अर्ज भरते, फोटो काढते, ‘सबमिट’ दाबते. रेंज जाते, चाक फिरत राहतं, मागे गेलं की अर्ज कोरा. क्रॅश मात्र शून्य! माझ्या मते यापेक्षा मोठा दोष नाही, कारण तिची अर्ध्या दिवसाची मेहनत जाते.

माहिती आधी फोनमध्येच साठवा, रेंज आल्यावर आपोआप पाठवा. ही अट कोड लिहिण्याआधी कागदावर हवी, आणि तपासणी स्वस्तातल्या फोनवर, भर उन्हात.