लिव्हर-ॲक्शन रायफलीची शिस्त जुळवणे

लिव्हर-ॲक्शन रायफलीत चापाभोवतीची कडी, म्हणजे लिव्हर, खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. ती वर घेतली की नवे काडतूस नळीत सरकते. अशा रायफलीची पुढची माशी आणि मागची खाच एकमेकींशी अशी बसवणे, की नेम धरलेल्या जागी गोळी लागावी, या कामाला शिस्त जुळवणे किंवा बोलण्यात ‘रायफल झिरो करणे’ म्हणतात. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे, हा मराठीतला जुना अर्थ इथे अजून जिवंत आहे. नागपुरी बोलीत माशीला ‘मक्खी’ही म्हणतात. मूळ साइट, म्हणजे माशी-खाचेची जोडी, काढून अधिक चांगली बसवणे हा याच कामाचा पुढचा टप्पा.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध रायफल म्हणजे जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर मॉडेल १८९४. तिच्या जोडीला मार्लिन ३३६ (१९४८ पासून) आणि सॅव्हेज ९९ ही नावे येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर शिकार थांबली. त्यामुळे विदर्भात आज अशी रायफल दिसलीच, तर ती बहुधा जुन्या मालगुजारी घरातून वारशाने आलेली आणि बरीच वर्षे तेल न पाहिलेली असते. तिची शिस्त बिघडलेली वाटते तेव्हा निम्म्या वेळा साइट निर्दोष असते आणि एखादा स्क्रू ढिला असतो. म्हणून हातोडी उचलण्याआधी सगळे स्क्रू, माशीचा पाया आणि नळीवरचे पट्टे हाताने हलवून पाहावेत.

रचना आणि तिचे परिणाम

मूळ साइटची मागची खाच नळीवर, रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या धातूच्या पेटीच्या) पुढे असते. तिचा पाया नळीत आडव्या कापलेल्या खोबणीत घट्ट बसतो. ही खोबण तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असते, म्हणून तिला डव्हटेल म्हणतात. बहुतेक रायफलींत तिचे माप ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि कडांचा कोन ६० अंश असतो. खाचेच्या पट्टीखाली पायऱ्यापायऱ्यांची छोटी पाचर असते. पट्टी जरा उचलून पाचर पुढे-मागे सरकवली की खाच वर-खाली होते. डावी-उजवी दुरुस्ती मात्र अख्खा पाया खोबणीत ठोकून सरकवूनच करावी लागते.

विंचेस्टर आणि मार्लिनमध्ये नळीखाली मॅगझिनची, म्हणजे काडतुसे साठवण्याची, दुसरी नळी असते आणि दोन्ही पट्ट्यांनी एकत्र बांधलेल्या असतात. ही बांधणी म्हणजे या रायफलीचा स्वभावच. बार झाले की नळी तापते, पट्टे तिला मोकळेपणी वाढू देत नाहीत आणि गोळ्या हळूहळू एका बाजूला सरकू लागतात. नळीवरच्या पट्ट्याला अडकवलेला, खांद्यावर टांगायचा चामडी पट्टा ताणून धरला तरी तेच होते. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली की गोळी वर जाते. टेकवायचा तो पुढचा लाकडी भाग, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी. हे पाळले नाही तर साइट कितीही महागडी असो, कागदावरची भोके एकत्र येत नाहीत. मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक असतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते. म्हणून त्यात चपट्या, बोथट किंवा मऊ टोकाच्या गोळ्याच भरतात. टोकदार कडक गोळी धक्क्याने पुढचे काडतूस पेटवू शकते.

आधी हिशेब

एकच नियम लक्षात ठेवावा लागतो. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची खाच सरकवायची, आणि माशी त्याच्या उलट. गोळी खाली लागत असेल तर खाच वर करायची किंवा माशी बुटकी करायची. गोळी डावीकडे जात असेल तर खाच उजवीकडे.

किती सरकवायचे त्याचे गणित त्रैराशिकाचे आहे: माशी आणि खाच यांतले अंतर गुणिले गोळी जेवढी हलवायची ते अंतर, भागिले निशाणापर्यंतचे अंतर. समजा माशी ते खाच ४३० मिलिमीटर आहे आणि ५० मीटरवर गोळी १०० मिलिमीटर खाली लागते. ४३० गुणिले १००, भागिले ५०,००० म्हणजे ०.८६ मिलिमीटर. खाच एवढीच वर करायची. उलट बाजूने पाहिले तर पाया नकळत पाव मिलिमीटर सरकला तरी ५० मीटरवर गोळी २९ मिलिमीटर बाजूला जाते. अंदाजाने दिलेला ‘अजून एक हलका ठोका’ म्हणूनच महाग पडतो. व्हर्निअर कॅलिपरने खोबणीच्या कडेपासून पायाच्या कडेपर्यंतचे माप आधी आणि नंतर घ्यावे.

पाया सरकवताना

रायफल रिकामी करणे ही पहिली पायरी, आणि मॅगझिनच्या नळीमुळे ती जरा फसवी आहे. चापापासून बोट दूर ठेवून लिव्हर वारंवार चालवावी. काडतुसे येणे थांबले तरी एखादे आत उचलणीवर (काडतूस वर नेणाऱ्या पट्टीवर) अडकलेले असू शकते. लिव्हर उघडी ठेवून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागी, डोळ्याने पाहावे, मग करंगळी घालून तपासावे आणि भरणीच्या झडपेतून मॅगझिनचा दट्ट्या टोकाला आलेला दिसतो का तेही पाहावे.

शिकंज्यात लाकडाचे किंवा चामड्याचे जबडे लावून नळी खोबणीच्या अगदी जवळ धरावी. रिसीव्हर धरून पुढे ठोकल्यास हादरा सांध्यावर जातो. ठोकण्यासाठी पितळी किंवा नायलॉनचा पंच वापरावा. लोखंडी पंच पायाची कड चेपतो आणि निळाई, म्हणजे पोलादावरचा निळसर थर, खरवडतो. पितळेचा ८ मिलिमीटरचा गज कापून टोक सपाट केले तरी पुरते. फटका पायाच्या तळाशी द्यावा, वरच्या पट्टीवर नाही. पाया पूर्ण काढायचा असेल तर नेमबाजाच्या बाजूने पाहताना डावीकडून उजवीकडे, आणि बसवताना उजवीकडून डावीकडे, असा रिवाज आहे. ठोकण्याआधी पाया आणि नळी दोन्हींवर मिळून टोकदार पेन्सिलीने एक सरळ खूण करावी.

पावसाळ्यात पायाखाली ओल साठून गंज धरतो आणि पाया जागचा हलत नाही. जोर वाढवू नये. गंज सोडवणारे पातळ तेल रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी पुन्हा हलके ठोकावे. नवा पाया फार घट्ट होत असेल तर पायाचाच तळ कानशीने घासावा, खोबण कधीही घासू नये. पाया बदलता येतो, नळी नाही. पाया ढिला असेल तर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कातरून खाली सारतात. तो सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि बहुतेक वेळा एक तुकडा पुरतो. खोबणीच्या वरच्या कडा हातोडीने चेपून पाया घट्ट करण्याची पद्धत सर्रास आढळते. ती नळी कायमची विद्रूप करते आणि पुढच्या वेळी पाया तिथेच अडतो.

माशी घासून बुटकी करणे हे सर्वांत शेवटचे काम. घासलेले परत येत नाही. आधी पाचर मधल्या पायरीवर ठेवून बार करावेत, गणित करावे, आणि शक्य तर योग्य उंचीची माशीच विकत आणावी.

झिरो करण्याचा क्रम

परवान्यावर मिळणारी काडतुसे मोजकी असतात, म्हणून बार करण्याआधीच जमेल तेवढी जुळवणी करावी. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) निघतात आणि मागून थेट नळीतून पाहता येते (आतला इजेक्टर, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर फेकणारा तुकडा, सुटून पडतो, तो सांभाळावा). नळीतून निशाण मधोमध दिसेल अशी रायफल पक्की टेकवून ठेवावी आणि साइट त्याच निशाणावर आणावी. विंचेस्टर १८९४ इतकी सहज उघडत नाही. तिथे नळीच्या तोंडाशी बसणारा लेझर बरा. तो बार करण्याआधी काढायला विसरू नये.

मग २५ मीटरवर तीन बार. एका भोकावर कधीही दुरुस्ती करू नये. तीन भोकांचा मध्य काढावा आणि त्यावरून सरकवावे. नंतर ५० मीटर, आणि हवे तर १०० मीटर. दर तीन बारांनंतर नळी हात लावता येईल इतकी निवू द्यावी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ती निवतच नाही. शिवाय जमिनीवरून उठणाऱ्या झळांत निशाण पाण्यात हलल्यासारखे दिसते. काम डिसेंबर-जानेवारीत, किंवा उन्हाळ्यात सूर्योदयानंतरच्या तासाभरात उरकावे. काडतुसांचा डबा उन्हात ठेवू नये. तापलेल्या दारूचा दाब वाढतो. आणि वेगळ्या वजनाची गोळी घेतली की झिरो पुन्हा तपासावा लागतो; १५० ग्रेनवर (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) जुळवलेली रायफल १७० ग्रेनच्या गोळ्या त्याच ठिकाणी टाकेलच असे नाही.

कोवळ्या तिरप्या उन्हाचा त्रास वेगळा. पितळी गोल माशीची उजळलेली बाजूच डोळा मध्य समजतो, आणि गोळी उजेडाच्या विरुद्ध बाजूला जाते. डावीकडून ऊन आले तर गोळी उजवीकडे. माशीवरची टोपी ठेवली किंवा सपाट चेहऱ्याची माशी घेतली तर हे टळते. त्याहून स्वस्त उपाय देवघरात सापडतो: कापराची वडी पेटवून तिच्या काजळीवर माशी क्षणभर धरावी. दाट, चमक नसलेला काळा थर बसतो आणि बोटाने पुसला जातो. हे अर्थातच रिकाम्या रायफलीवर, काडतुसांपासून दूर.

पीप साइट

सुधारणा एकच करायची असेल तर ती ही. रिसीव्हरवर मागच्या बाजूला बारीक भोकाची चकती बसवतात आणि नळीवरची खाच काढून टाकतात. उघड्या साइटमध्ये डोळ्याला खाच, माशी आणि निशाण अशा तीन अंतरांवर धावावे लागते. चाळिशी लागली की खाच धूसर होते. पीपमध्ये भोकातून नुसते पाहायचे असते. डोळा आपोआप मध्यावर येतो आणि लक्ष फक्त माशीवर राहते. नवशिके माशी मुद्दाम भोकाच्या मध्यभागी आणत बसतात आणि निशाण निसटते.

माशीपासूनचे अंतर ४३० वरून साधारण ६५० मिलिमीटरवर जाते, त्यामुळे चूकही लहान होते. साइटमधली एक मिलिमीटरची चूक आधी ५० मीटरवर ११६ मिलिमीटर भोवायची, ती आता ७७ भोवते. भोक किती मोठे घ्यायचे ते कामावर ठरते: कागदी निशाणाला दीड मिलिमीटरच्या आसपास, मंद उजेडासाठी पाच. माशीच्या टोकाचा गोल मणीही मोजून घ्यावा. डोळ्यापासून ८५० मिलिमीटरवर धरलेला १.६ मिलिमीटरचा मणी ५० मीटरवर ९४ मिलिमीटरची जागा झाकतो, २.४ चा मणी १४१.

पीप नळीवरच्या खाचेपेक्षा उंच बसते. ती पार खाली आणली तरी गोळी वरच लागते, ही हमखास तक्रार. उपाय उंच माशीचा. ५० मीटरवर १५० मिलिमीटर वर लागत असेल तर ६५० च्या अंतराला माशी १.९५ मिलिमीटर उंच हवी.

खरी गोची स्क्रूची. या रायफलींच्या भोकांचे आटे अमेरिकी आहेत: ६-४८ आणि ८-४० (दुसरा आकडा म्हणजे एका इंचातले आटे). ६-४८ चा व्यास ३.५ मिलिमीटर, म्हणून बाजारातला मेट्रिक एम ३.५ चा स्क्रू बसेल असे वाटते. पण त्याच्या आट्यांतले अंतर ०.६ मिलिमीटर, तर मूळचे ०.५३. तो दोन फेरे जातो आणि अडकतो, आणि जोर लावला की भोकाचे आटे गेले. मूळ स्क्रू हरवला तर नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या अचूक काम करणाऱ्या टर्नरकडून नमुन्याबरहुकूम नुसता स्क्रू करून घेता येतो. रायफल तिकडे न्यायची नाही. बसवताना भोक आणि स्क्रू तेलमुक्त करून मध्यम ताकदीचा निळा लॉक-द्रव (स्क्रू ढिला होऊ न देणारा) लावावा आणि सुमारे २ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावे. स्क्रू आत बोल्टला घासत तर नाही ना, हे लिव्हर सावकाश चालवून पाहावे. फार लांब असला तर टोक घासून कमी करावे.

दुर्बीण

मार्लिनची रिकामी काडतुसे बाजूने पडतात आणि माथा सपाट आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून वरची भोकेही कारखान्यातून पाडलेली येतात. जुन्या विंचेस्टर १८९४ मधून काडतूस सरळ वर उडते, म्हणून दुर्बीण बाजूला तिरपी किंवा नळीवर पुढे लावावी लागते. दोन्ही तडजोडीच. १९८०च्या दशकात तिचे काडतूस तिरपे पडू लागले तेव्हा अडचण सुटली. तरी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, उघड्या साइटसाठी उतरता असल्याने गाल लाकडावरून उचलला जातो, आणि घोड्याला (अंगठ्याने मागे ओढायच्या हातोड्याला) अंगठा पोचावा म्हणून बाजूला छोटा खुंटा जोडावा लागतो. हलकी, चटकन खांद्याला येणारी रायफल जड करून काय मिळवले, हा प्रश्न उरतोच.

कायदा आणि नोंदी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. त्यामुळे भोक पाडणे, आटे घालणे ही रायफल हातात घेऊन करायची कामे परवानाधारक बंदूक-कारागिराचीच. परवाना देणारा अधिकारी नागपूर शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. झिरो करण्यासाठी पूर्ण ताकदीच्या काडतुसांना मान्यता असलेली रेंजच हवी. १० मीटरच्या एअर रायफल रेंजवर हे चालत नाही, आणि शेताच्या बांधावर तर नाहीच.

निवडणुकीच्या आचारसंहितेत अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तिथे रायफली एकमेकींना टेकून महिनोन्‌महिने उभ्या राहतात आणि सर्वांत आधी धक्का खातात त्या माशी आणि खाच. जमा करण्याआधी पेन्सिलीची खूण ताजी करून तिचा जवळून फोटो घ्यावा आणि पायाचे माप लिहून ठेवावे. परत आल्यावर खूण सरकलेली दिसली तर पाया आधी मापावर आणावा आणि मगच तीन बार करावेत.